दरीकडची बाजू

दार लावून घे आधी, वाऱ्याने आपटतंय. आणि तो मोबाईल उलटा ठेव. नाहीतर मध्येच कुणाचा तरी वाढदिवस उगवतो आणि माझ्या गोष्टीची वाट लागते. ठेवलास? बरं.

ही माझ्या मावसभावाची गोष्ट. इकडून तिकडून ऐकलेली नाही. त्याने स्वतः मला सांगितली, दवाखान्याच्या बाकावर बसून, पहाटे साडेपाचला. एकदाच सांगितली. पुढे मी विषय काढला की उठून जायचा. मग मीही काढणं सोडलं.

तो कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचा. घरातसुद्धा आम्ही त्याला सर म्हणायचो, थोडं चेष्टेने, थोडं खरंच. त्याचं वेड म्हणजे पतंग. उडवायचे नव्हेत रे, दिव्यावर येतात ते. त्यातही मोठे, रंगीत, ते याला नकोत. याला तांदळाच्या दाण्याएवढे हवेत, जमल्यास त्याहून बारीक. मी एकदा म्हटलं, "अरे, एवढंसं पाखरू धरून करतोस तरी काय?" तर म्हणाला, "त्याला अजून नाव नाही. या डोंगरांत असे शेकड्याने आहेत, कुणी नावच दिलेलं नाही." जणू नावावाचून ते बिचारे उपाशी बसलेत.

तर त्या वर्षी त्याला सगळ्या डोंगररांगेची पाहणी मिळाली. पायथ्यापासून माथ्यापर्यंत सहा ठिकाणं ठरलेली. प्रत्येक ठिकाणी एक रात्र पांढरी चादर ताणायची, वर दिवा लावायचा आणि येतील ते बारीक पतंग कुप्यांत धरायचे. रात्र अमावास्येची किंवा तिच्या आसपासची. हसू नकोस. भुतांसाठी नाही, चंद्र असला की दिव्यावर पतंग येत नाहीत, म्हणून. पाच ठिकाणं झाली होती. सहावं राहिलं होतं, सगळ्यांत वरचं. जुन्या घाटरस्त्याचं शेवटचं वळण. नवा रस्ता झाल्यापासून तिकडे कुत्रंही फिरकत नव्हतं.

बरोबर कोण? त्याचा मेव्हणा. बायकोचा थोरला भाऊ. वीजमंडळात वायरमन होता, म्हणून सगळे त्याला वायरमनच म्हणायचे. आईबाप लवकर गेले तेव्हा बहिणीला यानेच वाढवलं, शिकवलं, लग्न लावून दिलं. तिला भाऊ म्हणाल तर तोच आणि बाप म्हणाल तरी तोच. बॅटरी आणि दिवा सांभाळायला म्हणून सरने त्याला पहिल्यांदा नेलं, आणि त्याचं पतंगांवर मन बसलं. हात इतका हलका की पतंगाच्या पंखांवरची भुकटीसुद्धा हलायची नाही. सर म्हणायचा, "शिकलो मी, पण हात देवाने दादाला दिला."

निघताना बहीण दारात आली. सरला म्हणाली, "दादाला कडेला उभं करू नका. खांबावर चढून चढून त्याची भीती मेलीय. त्याला उंचीचं भान राहत नाही."

"मी आहे ना," सर म्हणाला.

वायरमन जीपमध्ये बॅटरी चढवत होता. तिथूनच ओरडला, "अगं, पन्नाशीला आलो मी! बोट धरून नेणार का आता?"

आता काम कसं चालतं ते नीट ऐक, नाहीतर पुढचं कळायचं नाही. चादर दोन खांबांमध्ये ताणलेली. दिवा वरच्या दोरीला, म्हणजे उजेड दोन्ही बाजूंना. एक माणूस इकडे, एक पलीकडे, मध्ये कापड. पतंग दिसला की त्यावर कुपी उपडी दाबायची. दाबली की पलीकडच्याला कापडावर तेवढाच गोल उठलेला दिसतो. पतंग आत आला की कुपीला कापूस लावायचा आणि चादरीखालून सरकवून द्यायची. चिठ्ठ्या लिहायचं काम सरचं. नंबर, वेळ, कुठली बाजू. प्रत्येक कुपीला एक चिठ्ठी.

आणि बोलायचं नाही. हा पहिला नियम. ते पाखरू श्वासानेसुद्धा उडतं, बोलणं तर लांबच. जागा सोडायची तर खांबावर दोनदा टकटक करायची, परत आलो की एकदा. दुसरा नियम डोळ्यांचा. दिव्यासमोर उभं राहून डोळे दिपलेले असतात, अंधारात वळलं की माणूस ठार आंधळा. म्हणून हलण्याआधी डोळे मिटून दोन मिनिटं उभं राहायचं. मग पाऊल.

पतंग दरीकडच्या बाजूला जास्त येतात. खालून वर चढतात ना. आणि जिथे जास्त पतंग तिथे हलका हात हवा. सरने वायरमनला दरीकडे उभं केलं. दारातलं बोलणं आठवलं होतं, म्हणाला. आठवलं, आणि तरी केलं. एका रात्रीचा तर प्रश्न.

नोव्हेंबर महिना. मंगळवार, अमावास्या. साडेसातला दिवा लागला. वारा नाही, धुकं नाही. अशी रात्र वर्षात एखादी मिळते. पहिले दोन तास झकास गेले. वायरमन कुप्या शर्टाच्या खिशात ठेवायचा, त्यामुळे चादरीखालून येणारी कुपी कोमट असायची. भाजलेल्या शेंगेसारखी, सर म्हणाला.

पावणेदहाला दिवा फडफडला. बॅटरी दहा पावलांवर, कठड्यापाशी. खांबावर टकटक झाली. दोनदा. पावलांचा आवाज आला, घाईचा. मग दिवा स्थिर झाला. सरने मनात म्हटलं, केलं दादाने.

परत आल्याची टकटक काही ऐकू आली नाही. पण मिनिटभरात समोर कापडावर गोल उठला. विसरला असेल. सर कामाला लागला.

चादरीखालून कुपी आली. गार होती.

थंडी वाढलीय, सरला वाटलं. दिव्याखाली कुपी धरली, मग पार डोळ्यांजवळ नेली. आतला पतंग त्याने उभ्या जन्मात पाहिला नव्हता. चांदीच्या बारीक रेघा, कडेला काळी झालर. पुढची कुपी आली, तिच्यातला आणखी वेगळा. तिसरी. चौथी. अठरा वर्षं माणूस ज्याची वाट बघतोय, ते ओंजळीत पडत होतं. तो चिठ्ठ्या लिहीत सुटला. पाणी नाही, चहा नाही. मान वर करायला सवड नाही. गोल उठायचा, कुपी यायची. गोल, कुपी. एकदा त्याला राहवलंच नाही. नियम मोडून तो पुटपुटला, "द्या दादा, द्या अजून."

अजून आली.

अकरा वीसला दरीतून आवाज आला.

वेळ त्याला मिनिटाला माहीत, कारण हातात चिठ्ठी होती आणि तिच्यावर वेळच लिहीत होता. आवाज लांबून आला. खालून. "भाऊजी..."

सरने कान दिला. त्याला भाऊजी म्हणणारं माणूस जगात एकच. पण ते तर समोर होतं! कापडावर गोल उठलेला होता. अगदी नाकासमोर. मग खालून कोण हाक मारेल? रातपक्षी असेल. भेकर असेल. दरीत आवाज कसेही फिरतात.

त्याने चिठ्ठी पुरी केली.

अकरा पस्तीस. पुन्हा. "भाऊजी... ओ भाऊजी..."

गोल समोरच होता.

बारा पाच. आता शब्द नव्हते. नुसता ओढलेला सूर. सर मला म्हणाला, "मी वाकलो होतो. चादरीखालून पलीकडे बघणार होतो. एवढंच करायचं होतं रे. वाकायचं." तेवढ्यात कुपी आली. आतला पतंग जिवंत होता, पंख उघडत होता... तो बघत राहिला.

बारा चाळीस. एकदाच. अगदी बारीक.

मग काही नाही.

एक वाजून दहा मिनिटांनी चिठ्ठ्या संपल्या. सर सरळ झाला. पाठ धरली होती. म्हणाला, "दादा, बास आता."

त्याने पेन खिशाला लावलं.

"दादा?"

कापडावर गोल होता. पण आता हलत नव्हता. दाबून धरलेला. कुणीतरी पलीकडून दाबून उभं...

त्याने बोट लावलं. गोलाच्या बरोबर मध्ये.

पलीकडून कुणीतरी बोट लावलं. त्याच जागी.

गार.

तो चादरीला वळसा घालून गेला. कसा गेला, त्याला सांगता येईना. पलीकडे... कुणी नाही. कापड कोरं. एक पतंग नाही त्या बाजूला. इकडे खच, आणि तिकडे धुतल्यासारखं पांढरं. खाली दवाने भिजलेलं गवत. ताठ उभं. त्यावर तासन् तास कुणी उभं नव्हतं.

आणि बॅटरीपाशी कठड्याचे तीन दगड निसटलेले.

टॉर्च मारला. पंचवीस-तीस फूट खाली कपार. तिथे वायरमन पडला होता. पाय अंगाखाली दुमडलेला. तोंड वर... दिव्याकडे. खालून चादरीचा उजेड दिसत होता ना त्याला. सगळा वेळ दिसत होता.

सर उतरला. अंग अजून कोमट होतं.

जीप त्यांना सोडून परत गेलेली, मोबाईलला रेंज नाही, नाका तिथून तीन किलोमीटर. धावत गेला, माणसं आणली, दोर आणले. साडेचारला दवाखाना. सव्वापाचला मी पोचलो. डॉक्टर तरुण होता, नजर चुकवत बोलत होता. पाय मोडलेला, आत रक्तस्राव. म्हणाला, "एकच्या सुमारास गेले असावेत. त्याआधी आणलं असतं तर..."

घरी फोन मी केला. मावशीने उचलला, म्हणजे सरच्या आईने. "सुनेला घेऊन ये" एवढंच म्हटलं.

ती यायच्या आत सरने मला हे सगळं सांगितलं. मग माझा दंड धरला. "ती विचारणार. पहिलं हेच विचारणार, दादाने हाक मारली का. मी नाही म्हणणार. पडला तो जागीच गेला. तूही तेच सांगायचंस. शपथ आहे तुला." त्याची बोटं रुतली होती दंडात. मला त्याची दया आली, आणि खरं सांगू, किळसही आली. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होतो?

सातला रिक्षा आली. मावशी उतरली, मागून ती. चपला न घालताच आली होती. सरळ सरसमोर येऊन उभी राहिली. सर उठला. तिने तोंड उघडलं...

आवाज नाही.

पुन्हा उघडलं. मानेच्या शिरा फुगल्या. ओठ हलले. नुसती हवा. तिने गळ्याला हात लावला आणि माझ्याकडे बघितलं.

डॉक्टरने तिला स्टुलावर बसवलं. धक्क्याने होतं असं, म्हणाला. टॉर्च लावून घसा बघितला. बराच वेळ बघितला. मग मावशीकडे वळला.

"रात्री कुठे होत्या या?"

"घरीच की. माझ्या शेजारी. साडेनऊला झोपली. पहाटे याचा फोन आला तेव्हा मी हलवून उठवली."

"ओरडल्या होत्या का? किंचाळल्या?"

"अहो, नाही. मला मेलीला झोप कुठे लागते? मी जागीच होते. कुशीवरसुद्धा वळली नाही पोर."

डॉक्टरने टॉर्च विझवला. हळूच म्हणाला, "असा घसा ओरडून होतो. पाच-दहा मिनिटं नाही... तीनेक तास. जिवाच्या आकांताने ओरडल्यावर. आतून सोलून निघालाय."

मी सरकडे बघितलं. तो भिंतीकडे तोंड करून उभा होता.

जुळवून ठेवलेलं ते 'नाही' त्याला म्हणावंच लागलं नाही. विचारायला तिच्याजवळ आवाजच नव्हता.

सात वर्षं झाली त्याला. तीन डॉक्टर झाले, एक तर मोठ्या शहरातला. घसा कधीच भरून आलाय, म्हणतात. कसलाही दोष नाही. आवाज मात्र आलेला नाही.