बनुबाईंची गाठ

चहाचा कप घेऊन कुणी माझ्या लॅबमध्ये शिरलं, की माझं डोकंच फिरतं. "चहा बाहेर!" मायक्रोस्कोपमधून मान वर न करताच मी ओरडले. केडगावच्या त्या हॉस्पिटलात मी पॅथॉलॉजिस्ट. तळमजल्यावर माझंच राज्य.

"सॉरी... पण हा तुमच्यासाठीच आणलाय."

नवे सर्जन, डॉ. समर्थ. पावसानं भिजलेले केस, आणि चेहरा लाच द्यायला आल्यासारखा.

"अकोल्याच्या बनुबाई आजींचा रिपोर्ट हवाय. स्तनातली गाठ दगडासारखी लागते, मॅमोग्राफीतही कॅन्सरच वाटतोय. सोमवारी पूर्ण स्तन काढायचं ठरलंय."

"थांबवा."

"का?"

"ही गाठ सोंग घेतेय." मी त्यांना मायक्रोस्कोपपाशी बसवलं. "पेशी बघा... फुगलेल्या, आत रव्यासारखे दाणे. हा ग्रॅन्युलर सेल ट्यूमर असावा. क्वचितच दिसतो, भासतो कॅन्सरसारखा, पण बहुतेकदा साधा असतो. नमुना पुण्याला खास तपासणीला पाठवते."

"आणि तुमचा अंदाज चुकला तर?"

"आठवडाभर उशीर. तुमचा चुकला, तर आजींचा स्तन उगाच जाईल."

ते मायक्रोस्कोपपासून उठले. मग हळूच म्हणाले, "तुम्ही सगळ्यांशीच अशा भांडता?"

"नाही... चहा आणणाऱ्यांशीच."

मग 'रिपोर्ट आला का?' ही रोजची सबब झाली. चहा आता बाहेर पायरीवर, दोघांचा. मला ते आवडायला लागले होते, खोटं कशाला बोलू! पण आजींच्या काळजीनं चहाही गोड लागत नव्हता.

शेवटी रिपोर्ट आला. साधीच गाठ! मी धावत जाऊन फोन लावला. समर्थ तेव्हा बनुबाईंनाच तपासत होते. बातमी ऐकून त्यांनी फोन स्पीकरवर टाकला, हात अडकलेले म्हणून.

"नक्की?" त्यांचा आवाज कापत होता. "नीट विचार करा, आयुष्याचा प्रश्न आहे."

"हो, नक्की! किती वेळा विचाराल? हो म्हणजे हो!"

तेवढ्यात पलीकडून बनुबाई कडाडल्या, "आवं, व्हय म्हन्ली की पोरगी! आता कशाला इचारता? साखर वाटा!"

"आजी, तुमच्या गाठीचं बोलतोय. कॅन्सर नाही तो. तेवढी गाठच काढायची, स्तन राहणार."

बनुबाईंचा रडवेला आवाज आला, "देवा... म्हंजी माजं बी झालं, अन् तुमचं बी!"

मी हसता हसता डोळे पुसले. स्पीकर बंद झाल्याचा आवाज आला.

"जयमाला..." पहिल्यांदाच नुसतं नाव. "आजींचा गैरसमज झालाय. दूर करू का?"

माझे कान तापले. बाहेर पाऊस रिमझिमत होता.

"सही केलेला रिपोर्ट मी बदलत नाही, डॉक्टर," मी म्हणाले.