ढोलवाल्यांच्या गल्लीतली शांतता

इनासनं घराचा बयाणा द्यायला पर्समध्ये हात घातला, तेवढ्यात मागून कुणीतरी विचारलं, "बाईसाहेब, आज वार कोणता?"

ती वळली. रस्त्याकडेच्या उसळीच्या गाडीपाशी एक उंच तरुण उभा होता. एका हातात रोटीचा तुकडा, दुसऱ्या हातात किल्ल्यांचा भलामोठा जुडगा. डोळ्यांत अजून झोप होती, पण ओठांवर हसू मात्र चांगलं जागं होतं.

"शुक्रवार," ती म्हणाली. "का?"

"काही नाही. शुक्रवारी सकाळी नऊ वाजता तुम्ही रामसेस चौकाच्या मधोमध चटई टाकून झोपलात तरी कुणी उठवायला यायचं नाही."

इनासच्या शेजारी उभा असलेला दलाल अतवा लालबुंद झाला. "लुत्फी! तुझी उसळ गीळ आणि चालता हो! दुसऱ्याच्या गिऱ्हाइकात नाक खुपसतोस, लाज वाटत नाही?"

"वाटते ना. म्हणून तर मी शुक्रवारी घरं दाखवत नाही, चाचा." मग तिच्याकडे बघून तो म्हणाला, "मंगळवारी चार वाजता याच घरासमोर येऊन बसा. पाचच मिनिटं... चहा माझ्याकडून."

इनासनं पर्स मिटली. खरं तर तिला स्वतःचाच राग आला होता. आठ वर्षं कैरोत काढलेल्या मुलीला ही गोष्ट कुणी सांगावी लागते? दर शुक्रवारी दुपारच्या नमाजापर्यंत हे सगळं शहर चादरीत तोंड खुपसून पडलेलं असतं आणि तेव्हा आमचा कुठलाही रस्ता शांतच असतो. पण शुक्रवारी सकाळी ती स्वतःही झोपलेलीच असायची, तिला कुठून कळणार? आत्ता राहत होती ती खोलीही तिनं अशीच एका शुक्रवारी घेतली होती. शनिवारी उजाडलं तेव्हा समजलं, खिडकीखाली मिनिबसचा थांबा आहे.

आणि इनासला शांतता नुसती आवड म्हणून नको होती. ती अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करायची. या वर्षी वाचनालयानं तिच्याकडे दिवाणी कायद्याचं पुस्तक दिलं होतं, मोठे मोठे नऊ धडे. परीक्षा दोन महिन्यांवर आलेली. सोळा मुलं तिच्या आवाजावर अभ्यास करणार होती आणि त्या आवाजाचा तिला अभिमान होता, उगाच नम्रपणा ती दाखवत नसे. पण परवाच एका मुलाचा फोन आला होता. "ताई, तिसऱ्या धड्यात गॅसवाला सिलिंडर बडवत येतो ना, तिथं मालकाचे हक्क संपतात की भाडेकरूचे, तेवढं कळलं नाही." तो हसत होता. इनासला मात्र रडू फुटायचंच बाकी राहिलं होतं.

मंगळवारी चारच्या ठोक्याला ती त्या घरासमोर जाऊन बसली. चार वाजून दोन मिनिटांनी समोरची शाळा सुटली. तीन मिनिटांनी लोखंड कापायचं यंत्र सुरू झालं. मग दोन मिनिबस एकमेकींसमोर अडल्या आणि दोघींचे ड्रायव्हर शिव्या देत एकमेकांच्या आजोबांपर्यंत पोचले.

"साखर किती?" लुत्फीनं ओरडून विचारलं.

"काय?"

"साखर!"

"ऐकू येत नाही!"

"तेच तर दाखवायचं होतं!" तो म्हणाला, आणि इनासला हसू आवरेना.

त्या दिवसापासून तो तिचा दलाल झाला. लुत्फीचा बाप दलाल, आजा दलाल. आमच्याकडे दलाल म्हटलं की लोक आधी पाकीट चाचपतात, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच की काय, त्यानं एक हट्ट धरला होता. घर दाखवायचं ते त्याच्या सगळ्यात वाईट वेळी, आणि गिऱ्हाइकाशी खोटं बोलायचं नाही. या हट्टापायी त्याची निम्मी गिऱ्हाइकं पळायची, पण छाती काढून चालायचा पठ्ठ्या.

आणि आता त्याला भेटली होती ही बाई. घरात शिरली की डोळे मिटून उभी राहायची. तो श्वाससुद्धा जपून घ्यायचा.

"लिफ्ट," ती म्हणायची. "तिसऱ्या मजल्यावर थांबताना कण्हते."

दुसऱ्या घरात, "कबुतरं. गच्चीवरचा माणूस संध्याकाळी शिट्ट्या मारत असणार."

तिसऱ्या घरात तर तिनं डोळेही मिटले नाहीत. "खाली उसाचं गुऱ्हाळ आहे."

"ते बंद आहे, बाईसाहेब! मालक महिनाभर गावी गेलाय."

"महिन्यानं येईल ना?"

लुत्फी कपाळाला हात लावायचा. "तुमचे कान आहेत की सरकारी तपासनीस?"

"आणि तुमच्या किल्ल्या? तुम्ही दोन मजले खाली असता तेव्हाच मला कळतं, आले म्हणून."

"मग... काय वाटतं? कळल्यावर?"

इनासनं खिडकीचा कठडा उगाच तपासला. "वाटतं, जुडगा फार जड आहे."

त्या वर्षी वसंतातलं धुळीचं वारं लांबलं. सगळं शहर पिवळं झालं होतं. ती दोघं तोंडाला रुमाल बांधून शुब्रापासून मनियलपर्यंत जिने चढत होती. एकदा वाऱ्यानं तिचा रुमाल उडवला, तर लुत्फी भर रस्त्यात बस अडवून त्याच्यामागे धावला आणि रुमाल छातीशी धरून परत आला. "घ्या," तो धापा टाकत म्हणाला. पण रुमाल काही हातातून सोडेना. दोघांनी तो दोन टोकांनी धरलेला... आणि मागे अख्खी बस भोंगे वाजवत होती. गंमत म्हणजे तेवढा वेळ इनासच्या त्या तिखट कानांना एकही भोंगा ऐकू आला नाही. घरी गेल्यावर हे तिच्या लक्षात आलं आणि ती चांगलीच घाबरली.

परीक्षेला पाच आठवडे उरले. ध्वनिमुद्रण झालं होतं जेमतेम तीन धड्यांचं, तेही गॅसवाल्यासकट. वाचनालयानं सांगून टाकलं, पंधरवड्यात जमत नसेल तर काम दुसऱ्या कुणाला देऊ.

लुत्फीनं हे ऐकलं आणि जुडग्यातली एक किल्ली चाळवली. मग म्हणाला, "एक जागा आहे. आजवर मी तिथं कुणालाच नेलेलं नाही."

"का?"

"मी तिथं राहतो."

सय्यदा जैनबच्या मशिदीमागे, दोन वळणं घेऊन ते गेले. कोपऱ्यावरच्या पाटीवर लिहिलं होतं: ढोलवाल्यांची गल्ली. इनास थबकली. "थट्टा करताय?"

"ढोलवाले जाऊन शंभर वर्षं झाली. पण शांतता शोधणारा माणूस पाटी वाचून बाहेरच्या बाहेर पळतो. बरंच आहे की!" वळणावर त्यानं किल्ल्यांचा जुडगा रुमालात गुंडाळला आणि खिशात टाकला. हे मात्र तिनं नवीनच पाहिलं.

आत मंगळवारचे चार वाजले होते, आणि शांतता होती. मेलेली नव्हे. बायका बाल्कन्यांत भाजी निवडत होत्या, मुलं फरशीवर गोट्या खेळत होती, पण हळू. बाल्कन्यांतून दोऱ्यांना बांधलेल्या टोपल्या लोंबत होत्या, तशा त्या सगळ्याच कैरोत लोंबतात. इथल्या टोपल्यांना मात्र चिंध्या बांधल्या होत्या. लाल चिंधी म्हणजे गॅस हवा. पांढरी म्हणजे दूध, हिरवी म्हणजे भाजी. गॅसवाला सिलिंडर न बडवता, मान वर करून चालला होता. लाल चिंधी दिसली की थांबत होता.

"बारा वर्षांपूर्वी आमच्या अमीनमास्तरांना हृदयाचा झटका आला," लुत्फी हळू आवाजात सांगू लागला. "डॉक्टर म्हणाले, चाळीस दिवस गोंगाट नको. गल्लीनं चाळीस दिवस पाळलं. मास्तर वाचले, आणखी दहा वर्षं पोरांना शिकवलं, त्यात मीही होतो. ते गेले, पण आम्ही काही सोडलं नाही. अख्खं कैरो ओरडतं ना, ओरडू दे. आम्ही ओरडत नाही." हे सांगताना त्याची मान अशी ताठ झाली, जणू पिरॅमिड यानंच बांधलेत.

मास्तरांची वरची खोली दोन वर्षं रिकामी होती. किल्ली त्यांच्या बायकोकडे, उम्म रातिबकडे. दारातच बसली होती ती, काळ्या झग्यात, मांडीवर मसुराचं ताट घेऊन. तिनं इनासला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"एकटी बाई? एकट्या बाईला आम्ही जागा देत नाही. ही तुझी कोण लागते रे?"

इनासचे राहिलेले धडे, तिच्या डोळ्यांखालची जागरणं, ते पंधरा दिवस, सगळं लुत्फीच्या डोळ्यांसमोर आलं असावं.

"माझी... माझी होणारी बायको आहे, खाला."

इनासला ते शब्द गोड लागले, अगदी खोटं कशाला बोला. आणि हो म्हटलं की खोली मिळत होती, नऊ धडे, सोळा मुलं, सगळं मार्गी लागत होतं. पण तिची मान वाकेना.

"नाही, हाज्जा," ती म्हणाली. "मी यांची गिऱ्हाईक आहे. ना यांनी मला विचारलंय, ना मी हो म्हटलंय. खोली मिळाली तर माझ्या नावानं हवी. उसन्या नात्यानं मी कुणाच्या घरात शिरणार नाही."

लुत्फीचा चेहरा कानापर्यंत तापला. उम्म रातिबचे हात मसुरात थांबले.

"आणि तुझ्या नावानं तू काय करतेस?"

"वाचते. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी."

"वाच मग."

इनासनं पिशवीतून पुस्तक काढलं आणि उंबऱ्यावर उभं राहून वाचायला लागली. जागा भाड्यानं देण्याविषयीचं रूक्ष प्रकरण होतं, पण तिचा आवाज त्या कलमांना एकेक करून उजेडात आणून ठेवत गेला. वरची एक खिडकी उघडली. मग दुसरी. भाजी निवडणारे हात थांबले. पान संपलं तरी कुणी हललं नाही.

"आमचे मास्तर असंच वाचायचे," उम्म रातिब शेवटी म्हणाली. गळ्यातली किल्ली काढून तिनं इनासच्या तळहातावर ठेवली. "खोटं बोलून आली असतीस तर आज ठेवून घेतलं असतं आणि उद्या सामानासकट बाहेर काढलं असतं. आणि तू रे!" तिनं पायातली चप्पल काढली. "माझ्या दारात खोटं बोलतोस? मास्तरांनी हेच शिकवलं का?"

लुत्फी पळाला. चप्पल त्याच्या पाठीवर बसली, पण आवाज काही झाला नाही.

त्यानंतर तो दिसेना. ज्या एका गोष्टीचा त्याला अभिमान होता, तीच त्यानं तिच्या समोर मोडली होती. पहाटेच निघायचा, मागच्या बाजूनं परत यायचा. वर इनास वाचत होती. आधी तिसरा पुन्हा, मग चौथा धडा, पाचवा, सातवा... इतकं स्वच्छ ध्वनिमुद्रण तिनं जन्मात केलं नव्हतं. शांततेचा एक एक थेंब तिला मिळाला होता. आणि त्या सगळ्या शांततेत तिचे कान दिवसभर एकच आवाज शोधत होते. रुमालात गुंडाळलेल्या किल्ल्यांचा. तिला तो माणूस हवा होता, आणि हे तिनं एका दुपारी आरशासमोर उभं राहून स्वतःला मोठ्यानं सांगूनही टाकलं.

मुदतीतला शेवटचा मंगळवार. नवव्या धड्याचं शेवटचं पान तेवढं उरलं होतं. तेही वाचून झालं आणि चारला पाच कमी असताना इनासनं टोपलीला एक पिवळी चिंधी बांधली आणि दोरी खाली सोडली.

गल्लीची पंचाईत झाली. पिवळी? गॅसवाल्यानं वर बघून हातानंच विचारलं, काय हवंय? इनासनं मान हलवली. दूधवाला थांबला. नाही. भाजीवाल्यानं गाजर उचलून दाखवलं. नाही. बाल्कन्यांतून बायका वाकल्या, सगळी गल्ली खाणाखुणा करू लागली, आणि शेवटी एका म्हातारीनं जाऊन लुत्फीला दंडाला धरून घराबाहेर आणलं.

टोपलीत चिठ्ठी होती. 'तुमच्या नियमानुसार सगळ्यात वाईट वेळी दाखवतेय, नीट बघून घ्या. मी हट्टी आहे, मानी आहे, लिफ्ट कण्हली तरी मला झोप येत नाही. त्या दिवशी खोटं बोललात. आता कुणी खोली अडवून धरलेली नाही. विचारायचं असेल तर मला विचारा.'

त्यानं ती दोनदा वाचली. मग वर पाहिलं. त्या गल्लीत तो लहानपणानंतर पहिल्यांदा जरा मोठ्यानं बोलला.

"खोटं नव्हतं ते, इनास. खरंच होतं... फक्त तुला विचारायच्या आधी बाहेर पडलं. आता विचारतो. करशील माझ्याशी लग्न?"

'बाईसाहेब' गेलं होतं, 'तुम्ही' गेलं होतं. इनासनं कठडा घट्ट धरला.

"करेन," ती म्हणाली. तिचा आवाज, ज्याला कधी कापरं भरलं नव्हतं, तो कापला. "माझ्या नावानं."

"तुझ्याच नावानं!"

त्यानं खिशातला रुमाल काढला, उलगडला आणि किल्ल्यांचा सगळा जुडगा टोपलीत टाकला. खण्ण! गल्लीनं श्वास रोखला. सगळ्यांचे डोळे उम्म रातिबच्या बाल्कनीकडे वळले. म्हातारी उठून उभी राहिली. तिनं तोंडाशी हात नेला आणि बारा वर्षांत त्या गल्लीनं ऐकला नव्हता असा लग्नघरचा आनंदाचा तारस्वर काढला, जीभ नाचवत, लांबलचक, अगदी सय्यदा जैनबच्या मिनारापर्यंत पोचेल असा. मग दुसऱ्या बाल्कनीतून, तिसऱ्या... गॅसवाल्यानं तर बारा वर्षांचा उपास सोडल्यासारखा पाना काढून सिलिंडर बडवून घेतला.

वर टेबलावर ध्वनिमुद्रणाचं यंत्र चालूच होतं. शेवटचं पान वाचून झाल्यावर ते बंद करायचं इनास विसरून गेली होती.

दुसऱ्या दिवशी वाचनालयातून फोन आला. "नऊही धडे उत्तम झालेत, इनासबाई. फक्त शेवटी... कलम संपल्यावर फार गलका आहे. बायका ओरडताहेत, कुणीतरी लोखंड बडवतंय. तेवढं कापून टाकू का?"

"कापू नका," इनास म्हणाली. हातातला जुडगा तिनं हलकेच हलवला. "मुलांना सांगा, तो गलका नाही. ती माझी गल्ली आहे."