जिभेखालची चिमूट

हसू नका रे. एमुरियाचं नाव निघालं की माझ्यापुढे हसायचं नाही, सांगून ठेवतो. मडक्यातली बीअर ओढायच्या त्या नळ्या ठेवा खाली आणि ऐका.

एमुरिया आपल्या दवाखान्याचा कंपाउंडर. डॉक्टर तिथे कधी टिकलाच नाही, म्हणून लोक त्यालाच डॉक्टर म्हणायचे. एकोणीस वर्षांपूर्वी, मार्चमधल्या एका मंगळवारी तो कुमी शहराहून औषधं घेऊन सायकलीने परत निघाला. कॅरियरला खोकं, खोक्यात ग्लुकोजचे सहा डबे. साडेसात वाजले होते, अंधार नुकताच पडला होता.

“ग्लुकोज म्हणजे ते खेळाडू पितात ते? तुमचा तो गोल त्याच्याच जोरावर ना, काका?”

हो गं अमोडिंग, बाई माझे! त्याच्याच जोरावर. आता तेच ऐक.

त्या मंगळवारच्या नऊ दिवस आधी, रविवारी, फुटबॉलची फायनल होती. कप्तान मी. दवाखान्यात ग्लुकोजचा शेवटचा डबा उरला होता. मी म्हटलं, “एमुरिया, दे की तो. कपाटात ठेवून काय लोणचं घालतोस त्याचं?” दिला बिचाऱ्याने. ते जिभेवर पडलं की गार लागतं. पोटात पचायला वेळ लागत नाही, सरळ रक्तात जातं. पायात जीव आला. आम्ही जिंकलो, डबा संपला.

त्याच संध्याकाळी गावातली आसेकेन्ये तिच्या मुलाला, ओकोडीला, पाठीला बांधून दवाखान्यात आली. चार वर्षांचं पोर. मलेरिया, आचके, शुद्ध नाही. एमुरियाने क्विनीन दिलं. पण तो ताप रक्तातली साखर खातो आणि क्विनीन उरलीसुरली उतरवतं. ग्लुकोज हवं होतं. नाहीच तर साधी साखर ओली करून जिभेखाली ठेवत राहायची, तीही चालते. एमुरियाला हे ठाऊक होतं. पण साखर मागायची, तर डबा कुठे गेला ते सांगावं लागणार. बाहेर सगळा गाव आमच्या नावाने नाचत होता. तो गप्प बसला. मी जिंकलेला कप हातात घेऊन दारात उभा होतो. मीही गप्प बसलो.

पोर गेलं.

…तर तो मंगळवार. कसाव्याच्या शेताजवळ सायकल जड झाली. एमुरियाला वाटलं, चाकातली हवा गेली. उतरून पाहिलं. चाक टणक. पुन्हा बसला. मागून कोणीतरी सदरा धरला. लहान मूठ…

“कोण आहे?”

त्याने पाय जमिनीला टेकवून सायकल थांबवली.

मग अगदी पाठीशी, बारीक आवाज. “गोड…”

मागे वळायची छाती झाली नाही त्याची. तसाच हात मागे नेला. चाचपडत डबा फोडला. उजव्या हाताचं पहिलं बोट थुंकीने ओलं केलं, पावडरीत बुडवलं, अंधारात धरलं. कोणीतरी ते तोंडात घेतलं. ग्लुकोज गार लागतं, पण त्या तोंडाचा गारवा… तो तसा नव्हता. पोर चोखत राहिलं. बराच वेळ.

“बस का, बाळा?”

…सायकल हलकी झाली.

सायकल तिथेच टाकून तो धावत माझ्या घरी आला. आम्ही दोघं तसेच आसेकेन्येकडे गेलो, पाय धरले, सगळं कबूल केलं. डबा, मॅच, साखर, सगळं. ती ओरडली नाही रे. ओरडली असती तर बरं झालं असतं. नुसती म्हणाली, “साखर होय? माझ्या ओच्यात होती की. त्याच्या चहासाठी बांधून आणली होती. मागायची तरी…”

गेल्या महिन्यात एमुरिया वारला. अंघोळ मी घातली. साबण लावून, चांगली खसखसून. अंगावर चादर टाकेपर्यंत मुंग्या आल्या. एका रांगेत, छातीवरून, दंडावरून… उजव्या हाताच्या पहिल्या बोटाकडे. बाकी अंगाला शिवल्याही नाहीत.

मी ते बोट पुन्हा धुतलं. पुन्हा आल्या. तीनदा धुतलं मी ते.