मधोमध झिजलेला टायर

"माझा नवरा जिवंत आहे," ती दारातूनच म्हणाली. "कुठे आहे, तेवढं शोधून द्या."

सर्वेअरबाईंनी चहाचा कप खाली ठेवला. पंचवीस वर्षं त्यांनी एका विमा कंपनीसाठी अपघातातल्या गाड्या तपासल्या होत्या. नोकरी संपली तसे लोक आपली कोडी घेऊन थेट घरी येऊ लागले. समोर शेजारचे मास्तर बसले होते. मास्तरांनी उभं आयुष्य शाळेत चित्रकला शिकवली होती, त्यामुळे आपली नजर तीक्ष्ण आहे असा त्यांचा समज होता. तो समज मोडायचं पाप बाईंनी अजून केलं नव्हतं.

आलेली बाई शिवणाचे वर्ग घेत असे. तिला सगळे वहिनी म्हणत, म्हणून आपणही तेच म्हणू.

"तीन वर्षांपूर्वी पहाटे पाच वाजता हे गाडी घेऊन गेले," वहिनी सांगू लागली. "स्पोर्ट्स बाईक. डोंगरातल्या वळणांवर चालवायचं वेड होतं. वरच्या टपरीवर मित्र भेटणार होता. सात वाजता मित्राचाच फोन आला, हे पोचलेच नाहीत म्हणून. पहिल्यांदा बघायला माझे धाकटे दीर गेले, आमच्याकडेच राहतात ते, पहिल्या बसने. दुपारी हात हलवत परत आले. नंतर पोलिसांनी रस्ता पालथा घातला. गाडी नाही, माणूस नाही."

"आणि आता?"

"गेल्या आठवड्यात दुरुस्तीसाठी कालवा कोरडा केला. हायवेच्या पुलाखाली गाडी मिळाली. पोलिसांनी नोंद करून ती मला दिली. आमचा टायरवाला बघायला आला आणि ओरडलाच. टायरच्या कडेला चार आकडे असतात ना? पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. बाई, मागचा टायर हे गेल्यानंतर पाच महिन्यांनी तयार झालाय!"

मास्तर खुर्चीतून अर्धे उठले. "म्हणजे पाच महिन्यांनंतर त्यांनी टायर बदलला! माणूस धडधाकट आहे!"

वहिनीचा चेहरा असा उजळला की बाईंना तिच्याकडे बघवेना.

"घरात आणखी कोण?" त्यांनी विचारलं.

"सासूबाई होत्या, चार महिन्यांपूर्वी गेल्या. हायवेवर पंचेचाळीस किलोमीटरवर शुश्रूषागृह आहे, तिथे होत्या. दृष्टी गेलेली, स्मरणही. त्यांच्या कानावर जाऊ नये म्हणून तिथे आम्ही कोणालाच काही सांगितलं नव्हतं. मी दर गुरुवारी जायची. त्या म्हणायच्या, थोरला रविवारी येऊन गेला. मी 'हो' म्हणायची आणि बाहेर येऊन रडायची."

बाई उठल्या. त्या म्हणाल्या, "गाडी बघू."

गाडी वहिनीच्या घरामागच्या शेडमध्ये उभी होती. चिखल वाळून पांढरा पडला होता आणि पाण्याने मीटरची काच काळी पडली होती. बाई मागच्या चाकापाशी गुडघ्यांवर बसल्या, त्या बराच वेळ उठल्या नाहीत.

"मास्तर, काय दिसतं?"

"टायर झिजलाय."

"कुठे?"

"मधोमध. अगदी सपाट झालाय. कडा मात्र कोऱ्या आहेत, नव्या टायरवरचे रबराचे केससुद्धा शाबूत आहेत." मास्तर खूश झाले. "आणि चाकाच्या कडेवर ओरखडे. कालव्यातल्या दगडांचे."

"दगड टायरच्या खाली शिरून एकसारख्या अंतरावर ओरखडत नाहीत. आणि टायरवरचा बाण बघा. चाक ज्या दिशेने फिरतं, त्या दिशेला तो हवा. हा उलटा आहे."

भिंतीवर पाच जुने मागचे टायर खुंट्यांना टांगलेले होते. पाचही एका जातीचे, मऊ रबराचे, आणि पाचही कडेपर्यंत झिजलेले. प्रत्येकावर खडूने लिहिलं होतं: बसवल्याची तारीख, काढल्याची तारीख, किलोमीटर. पाच हजार, चार हजार आठशे, असे आकडे. पाचव्यावर फक्त बसवल्याची तारीख होती.

"हे लिहिल्याशिवाय टायर टांगायचे नाहीत," वहिनी म्हणाली.

"घाईत विसरले असतील," मास्तर म्हणाले.

टायरवाल्याचं दुकान दोन रस्ते सोडून होतं. दाराशीच टायर काढायचं यंत्र होतं आणि टायरवाला बोलण्यात त्या यंत्राहून जोरात होता.

"तो टायर मी बसवला? बाई, मला शिवी द्या, पण असं बोलू नका! बाण उलटा, चाकावर पट्ट्यांचे ओरखडे! घरी बसून लोखंडी पट्ट्यांनी उचकटलाय कोणीतरी. आणि पुढे मऊ, मागे कडक, ही काय जोडी झाली? जाणकार माणूस असं करणार नाही. कडक टायर लांबच्या सरळ रस्त्यासाठी असतो. वळणावर तो तेवढं धरत नाही, पण टिकतो मात्र दुप्पट-तिप्पट."

"हा किती चालला असेल?"

"दहा हजार. अजून चार हजार सहज गेला असता."

"थोरल्यांना शेवटचा टायर तुम्ही कधी बसवला?"

टायरवाल्याने वही काढली. ती तारीख भिंतीवरच्या पाचव्या टायरची होती. "गायब व्हायच्या आठ दिवस आधी दोघं नवरा-बायको इथे आले होते. मी सांगितलं, टायर संपला, खाचेतल्या खुणांना टेकलाय, आता वळणावर नेऊ नका. तो हसला. 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणाला. वहिनींचा चेहरा मात्र पांढराफटक पडला होता."

"नवा टायर घातला की लगेच वळणावर जाता येतं?"

"छे! नवा टायर गुळगुळीत असतो. पहिले दीडशे किलोमीटर जपून चालवायची, गाडी फार वाकवायची नाही. गिऱ्हाईक दुकानातून निघताना मी हे तीनदा सांगतो."

मित्र एका बँकेत रोखपाल होता. दुपारच्या सुट्टीत तो पायऱ्यांवर येऊन उभा राहिला. त्याची गाडी तिथेच होती. टायर कडेपर्यंत झिजलेले, आणि त्याच्या डाव्या बुटावर, बोटांच्या वर, एक काळा चट्टा.

"बूट पॉलिश करत जा," मास्तरांनी वडीलकीने सांगितलं.

"गिअरचा दांडा घासतो तिथे, काका. मोटरसायकलवाल्याच्या बुटाला हा चट्टा जन्मभर राहतो." मग त्याचा आवाज खाली आला. "मी वरच्या टपरीवर दुसऱ्या रस्त्याने गेलो होतो, त्याच रस्त्याने परतलो. खालची वळणं उतरून बघितली नाहीत. हे मला जाळतं. तो कडक टायर त्याने घातला असता तर मी मिशी उतरवली असती. गाडी सरळ चालवायला सांगितली तर आजारी पडायचा तो."

"मग तो जिवंत आहे असं तुम्हाला वाटतं?"

"वहिनींसमोर विचारू नका," तो म्हणाला आणि आत गेला.

वहिनीचा दीर छापखान्यात यंत्रावर होता. छापखाना हायवेला लागून होता. मागे रद्दीचं गोदाम होतं आणि त्याची किल्ली त्याच्याच कमरेला होती. बारीक, वाकलेला, तिशीत पन्नाशीचा दिसणारा माणूस. त्याने दोघांना स्टुलं पुसून दिली.

"मला मोटरसायकलची भीती वाटते," तो म्हणाला. "दादा हसायचा मला. मी बसनेच फिरतो."

"आईला भेटायला?"

"दर रविवारी. बसनेच."

"रविवारी तिथे दुसरं कोणी भेटलं कधी?"

"नाही." त्याने हात फडक्याला पुसले. ते आधीच स्वच्छ होते. "बाई, वहिनींना फार आशा लावू नका."

बाहेर आल्यावर मास्तर म्हणाले, "गरीब माणूस. पण बुटांची काय दशा! डावा तर वरून पार काळा पडलाय. छपाईची शाई, दुसरं काय."

बाईंनी रस्त्यातच शुश्रूषागृहात फोन लावला आणि तिथल्या आयाला एकच प्रश्न विचारला: म्हाताऱ्या आजींना रविवारी भेटायला कोण यायचं? उत्तर ऐकून त्यांनी फोन बंद केला. घरापर्यंत त्या बोटांवर कसलातरी हिशोब करत राहिल्या.

"सापडला का माणूस?" मास्तरांनी न राहवून विचारलं.

"सापडला. सापडला नसता तर बरं झालं असतं."

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे शेडमध्ये जमले. वहिनी, धाकटा, टायरवाला आणि मित्र. वहिनीने सगळ्यांना चहा दिला होता, जणू नवरा दुसऱ्या खोलीत कपडे बदलतोय.

"वहिनी," सर्वेअरबाई म्हणाल्या, "तुम्ही तारखेवरून एक गोष्ट बरोबर ओळखलीत. तुमचे यजमान गेल्यावरही ही गाडी चालत होती. पण चालवणारे ते नव्हते."

वहिनीच्या हातातली बशी वाजली.

"त्यांचे पाच टायर बघा, कडेपर्यंत झिजलेत. हा नुसता मधोमध झिजलाय. चालवणाऱ्याने दहा हजार किलोमीटरमध्ये गाडी एकदाही धड वाकवली नाही. सरळ रस्ता आणि घाबरट हात. त्याने टायर घरी बसवला, म्हणजे त्याला दुकानात जायचं नव्हतं. बाण उलटा, म्हणजे त्याला यातलं कळत नव्हतं. इथे टायरवाले सुटले, मित्रही सुटले."

धाकटा जमिनीकडे बघत होता.

"आता हिशोब. टायर बनून बाजारात यायला महिना धरा. तेव्हापासून सासूबाई जाईपर्यंत साधारण एकशे बारा आठवडे. शुश्रूषागृह पंचेचाळीस किलोमीटर, जाऊन-येऊन नव्वद. गुणाकार करा, मास्तर."

"दहा हजार ऐंशी," मास्तर पुटपुटले.

"सासूबाई खरं बोलत होत्या. दर रविवारी मोटरसायकल यायची. आया म्हणाली, फाटकाशी आवाज आला की आजी उठून बसायच्या, थोरला आला म्हणायच्या. मुलगा येऊन हात धरून बसायचा. एकच मुलगा यायचा, असं आयाने सांगितलं, तोही मोटरसायकलवर. बसने कोणी आलंच नाही. मास्तर, डाव्या बुटावरचा तो डाग शाईचा नाही."

"भाऊजी?" वहिनी म्हणाली.

धाकट्याने मान हलवली. "गाडीच्या आवाजावरून ओळखायची आई त्याला. पहिल्या रविवारी मी बसने जाणार होतो. मग वाटलं, तिने विचारलं तर काय सांगू?"

"गाडी तुमच्याकडे होती," बाई म्हणाल्या, "म्हणजे त्या सकाळी तुम्ही हात हलवत आला नव्हता. पाचव्या टायरवर काढल्याची तारीख नाही, कारण तो थोरल्यांनी काढलाच नाही. आणि काढलाय हे पहाटेच्या अंधारात त्यांना कळलंही नाही. आदल्या संध्याकाळी तुम्ही बदललात."

"ते दोघं जेवायला बाहेर गेले होते. त्याच जातीचा आणला. सकाळी त्याला दाखवून चकित करायचं होतं." त्याचे शब्द एकेक करून येत होते. "मला जाग आली तोवर तो गेला होता. नवा टायर जपून चालवायचा असतो, हे मला ठाऊक नव्हतं. तिसऱ्या वळणावर गाडी कठड्याला टेकून पडली होती. तो खाली खडकांत होता. मी उतरलो. श्वास नव्हता. दगड रचले त्याच्यावर. गाडी चालू झाली, ती पहिल्या गिअरमध्ये गोदामात आणली."

मित्र तोंड फिरवून भिंतीकडे उभा राहिला.

"सहा महिने त्याच टायरवर गेलो," धाकटा म्हणाला. "मग तो डोळ्यांसमोर नकोसा झाला. दूरच्या दुकानातून दुसरा आणला. दुकानदाराने विचारलं, कसला हवा? आई किती वर्षं जगेल ते मला माहीत नव्हतं. म्हटलं, सगळ्यात जास्त टिकेल तो द्या. आई गेली, त्यानंतर गाडी पुलावरून ढकलली."

वहिनी रडत नव्हती. रडली असती तर सगळ्यांना काहीतरी करता आलं असतं.

"मला का नाही सांगितलंत? तीन वर्षं, भाऊजी! दारात गाडी वाजली की मी धावत जायची. कोणाचीही गाडी. अपघात होता तो, तुम्हाला कोणी फासावर दिलं नसतं."

बाईंनाही हा एकच दुवा लागला नव्हता आणि सवयीने त्यांनी तो ओढला.

"टायर संपलाय हे तुम्हाला कोणी सांगितलं? त्या दिवशी दुकानात तुम्ही नव्हता."

"मला दिसत होतं."

"तुम्हाला बाण दिसला नाही. खाचेतली खूण कशी दिसेल?"

धाकट्याने वर बघितलं. त्याच्या डोळ्यांत विनवणी होती. बाईंना ती कळली, पण तोवर फार उशीर झाला होता.

"मी सांगितलं," वहिनी म्हणाली. अगदी हळू. "दुकानातून आल्यावर. हे माझं ऐकत नाहीत, म्हटलं. भाऊजी, तुमच्या पाया पडते, कसंही करून तो टायर बदला."

"तुम्ही काळजीपोटी..." मास्तर म्हणाले आणि थांबले.

"अपघात म्हटला की टायर कोणी बदलला हे निघालं असतं," धाकटा म्हणाला. "मग कोणाच्या सांगण्यावरून, तेही तुमच्या ध्यानात आलं असतं. कशाला, वहिनी? मी एकटा पुरेसा होतो."

सर्वेअरबाई उठल्या. पोलिसांना फोन करणं भागच होतं. पंचवीस वर्षांत त्यांनी अनेकांचं खोटं पकडलं होतं, पण पकडायला नको होतं असं हे पहिलंच.

वहिनीने धाकट्याच्या हातातला गार झालेला चहा काढून घेतला आणि ती त्याच्याजवळ जमिनीवर बसली.

"आता दोघं झालो, भाऊजी," ती म्हणाली.