बूट घातलेली गंगाम्मा

"कुंचे पळवा! चुना कालवून झालाय!" अहल्या धापा टाकत आली. तिच्या धाकट्या भावानं, गुरुराजनं, एक कुंचा उचलला, शेजारच्या क्षमानं दुसरा, आणि तिघंही आंब्यावर चढली.

१९५६ सालची मे महिन्याची सुट्टी होती. गुरुराजची मुंज ठरल्यामुळे मल्लेश्वरमच्या त्यांच्या घराला चुना लागत होता. आता पाळी न्हाणीघराच्या अंगणाकडच्या भिंतीची होती. त्या भिंतीवर एक जुनं चित्र होतं. मोठं तळं, काठावर चिमुकलं गाव, मागे बर्फाचे डोंगर आणि धक्क्यावर डोक्यावरून निळं वस्त्र घेतलेली बाई. सहा वर्षांपूर्वी अण्णांची, म्हणजे अहल्याच्या वडिलांची, बहीण वसुमतीअक्का इथे राहायला आली आणि तिनं त्या बाईला पाण्याची देवी गंगाम्मा ठरवून टाकलं. तेव्हापासून रोज हळदकुंकू, रोज दिवा! बाईच्या पायांवर तेलाकुंकवाचा बोटभर थर चढला होता.

"अक्कासाठी नवी तसबीर आणलीय. भिंत पांढरी करा," असं अण्णांनी फर्मान काढलं होतं. पण सकाळी क्षमानं तो थर खरवडला आणि ती किंचाळलीच.

"अगं, देवीच्या पायात बूट!"

खरंच की! एका बुटाला काळी नाडी, दुसऱ्याला तांबडी.

"आपण बूट घालून इथे आलो तर अक्का पाठ सोलून काढते!" गुरुराज म्हणाला.

बुटांखाली बारीक अक्षरं निघाली. 'मम्मा. लोव्हेरे, इटली. पिएत्रो बोनेत्ती, १९४४.'

कुंचे सापडेनात म्हणून अण्णा चिडून अंगणात आले.

"अण्णा, स्वल्प थांबा! पिएत्रो कोण?" अहल्यानं झाडावरूनच विचारलं.

अण्णांचा राग कुठल्या कुठे गेला. ते चुन्याच्या बादलीपाशी मटकन खाली बसले.

"लढाईतला कैदी. हे न्हाणीघर बांधायला छावणीतून यायचा. तापानं गेला बिचारा. आईला दोन ओळी लिहा म्हणाला होता. मी सरी, लिहितो म्हटलं. मग आज लिहू, उद्या लिहू... पुढे पुढे लिहायचीच लाज वाटायला लागली."

"म्हणून भिंतच पुसायची?" अहल्यानं विचारलं. अण्णांनी चुन्याची बादली बाजूला सरकवली.

मुलांनी त्यांना त्याच दुपारी एका इटालियन पाद्रीबाबांकडे नेलं. अण्णा सांगत गेले, पाद्रीबाबा लिहीत गेले.

"नाड्यांचंही लिहा हं!" क्षमानं बजावलं.

श्रावणात उत्तर आलं. पाद्रीबाबांनी घरी येऊन ते वाचून दाखवलं.

'तो गेल्याचा सरकारी कागद मला केव्हाच आला होता. माझा त्यावर विश्वास बसला नाही. दर रविवारी मी धक्क्यावर बोट बघायला जात होते. तो निघाला त्या दिवशी घाईत माझी नाडी तुटली, तेव्हा त्यानंच खाली बसून बुटाला तांबडी नाडी बांधून दिली. ते दुसऱ्या कुणालाच ठाऊक नाही. आता मी धक्क्यावर जाणार नाही. तुम्ही माझ्यापुढे दिवा लावता म्हणे. तो त्याच्यासाठी लावा.'



"म्हणजे आपण तिची आशाच घालवली?" गुरुराज रडवेला झाला.

"नाही रे राजा," अण्णांनी त्याला जवळ घेतलं. "बारा वर्षं मी तिला उगाच धक्क्यावर उभं ठेवलं. तुम्ही तिला घरी पाठवलंत. शाबास रे पोरांनो!"

संध्याकाळी अक्कानं निरांजनात तेल घातलं. कुंकवाची डबी तिनं आणलीच नव्हती. निरांजन तिनं भावाच्या हातात दिलं.

"आज तू लाव, अण्णा."

अण्णांच्या हातातल्या तीन काड्या विझल्या. चौथी अहल्यानं ओढून दिली.