गणितवालीच्या पेशी

प्रयोगशाळेच्या मागच्या बेसिनपाशी ती बुरशी धरलेल्या, पेशी वाढवायच्या बशांवर ब्लीच ओतत होती. तेवढ्यात शेजारी कुणीतरी आणखी एक ट्रे ठेवला. त्यातल्या बशांवरही तसाच करडा कापूस उगवला होता.

"तुमच्याही गेल्या?" ट्रेवाल्या उंच मुलाने विचारलं.

"सगळ्या."

"माझ्याही. चला... दुःखात सोबत तरी झाली."

ती हसली. कितीतरी दिवसांनी.

ती गणितातून जीवशास्त्रात आलेली, तो आर्किटेक्टचं ऑफिस सोडून. दोघंही इथे परके, म्हणून नावाने हाक कुणी मारत नसे. ती 'गणितवाली' आणि तो घरं बांधणारा म्हणून 'घरवाला'. ही हाक मात्र तिच्या तोंडून कधी निघाली नाही. नुसत्या विचारानेच कान लाल व्हायचे.

तिचे बाबा शाळेत गणित शिकवत. बांधून झालेलं घर सोडून पाया खणत बसलीस, असं ते फोनवर म्हणत, आणि आई मध्येच फोन ओढून जेवलीस का ते विचारी. मार्गदर्शक मॅडमनी तर स्पष्टच सांगितलं होतं: सत्र संपेपर्यंत पेशी जगवून दाखव, नाही तर गणिताकडे परत जा. पण जखम कशी भरते याचं समीकरण तिने मांडलं होतं. आता ती भरताना तिला डोळ्यांनी बघायची होती. ती परत जाणार नव्हती.

अडचण हातांची होती. थेंब मोजून टाकायची पिपेट धरली की ते थरथरत. त्याचे हात मात्र रेघा ओढून ओढून स्थिर झालेले. मग ठरलं – तिने त्याला संख्याशास्त्र शिकवायचं, त्याने तिला पिपेट.

"कोपर टेकवा," तो मागून म्हणायचा. "आणि श्वास घ्या. का रोखून धरलाय?"

"पेशी दचकतील म्हणून."

"पेशीच ना?"

ती वळून बघायची नाही. काचेवर पाऊस टपटपत असायचा, आणि काचेत तो हसताना दिसायचा.

हात हळूहळू बसत गेला. आणि मग एका दुपारी कँटीनमध्ये चहा ढवळता ढवळता त्याने सांगितलं, की तो हे सोडतोय. जुन्या ऑफिसने परत बोलावलंय. ती कप तसाच ठेवून उठली. त्यानंतर ती त्याच्याशी बोलली नाही. सकाळी येई, कोपर टेकवी, श्वास घेई, काम करी. रडू आलं तर बाहेर जाऊन रडे आणि हात धुऊन पुन्हा बसे.

सत्राच्या शेवटी मॅडम तिच्या मायक्रोस्कोपवर वाकल्या. बराच वेळ बघत राहिल्या. बशीतल्या पेशींच्या थरात तिने मधोमध जखमेसारखी ओढलेली चीर दोन्ही कडांनी भरत आली होती.

"आता पुढच्या प्रयोगाचं बघ," एवढंच त्या म्हणाल्या.

तिला बाबांना फोन करायचा होता. पण पाय वळले ते त्याच्या टेबलाकडे. तो सामान आवरत होता.

"जगल्या," ती म्हणाली.

"माहीत होतं मला."

"मग जाताय कशाला?"

तो खाली बसला. त्याने सरळच सांगितलं: पेशी बघितल्या की त्याला प्रयोग सुचत नाही, चित्र काढावंसं वाटतं. हे आपलं काम नव्हे, हे त्याला केव्हाच कळून चुकलं होतं.

"केव्हाच? मग इतके दिवस का थांबलात?"

"तुमचा हात बसेपर्यंत..." तो अडखळला. "म्हणजे, ते एक निमित्त. खरं तर तुमच्यासाठीच."

तिने खुर्चीची पाठ घट्ट धरली. "मी इथून हलणार नाही. आधीच सांगते. पण मला तुम्ही आवडता... आणि तुमचं ते ऑफिस कितीही लांब असलं तरी मी –"

"स्टेशनच्या पलीकडे आहे. इथून थेट बस आहे."

"हे आधी नाही सांगायचं?"

"तुम्ही विचारलंच नाही. उठूनच गेलात."

तिला हसू आवरेना, आणि डोळ्यांतलं पाणीही.

"रविवारी मी इथेच असते," शेवटी ती म्हणाली. "पेशींना खायला घालायला."

"मी बाहेर थांबेन."

"बाहेर कशाला? आत ये तू."