मेन बंद केलाय ना?

ही गोष्ट खरी आहे. ज्याच्यावर बेतली तो एदेल्मिरो, सगळ्यांचा मिरो, अजून जिवंत आहे, पोर्तो रिकोच्या डोंगरात, ला सेइबिता नावाच्या वस्तीत राहतो.

एका वर्षी वादळाने डोंगरातले बहुतेक खांब आडवे केले होते. महिनोन्‌महिने वीज नव्हती. पण मिरोकडे जनरेटर होता.

त्याने तो मागच्या अंगणात ठेवून घराच्या वायरिंगला जोडला. अशा जोडणीत मेन स्विच बंद ठेवावाच लागतो, नाहीतर वीज घरातून उलटी रस्त्यावरच्या तारेत जाते. आणि खांबावरचा ट्रान्सफॉर्मर एरवी मोठी वीज घरासाठी लहान करतो, तोच उलट्या वाटेने घरातली लहान वीज जीवघेणी मोठी करतो.

मिरोला हे कुणीतरी सांगितलं होतं. तरी तो मेन चालूच ठेवायचा. पुढच्या वळणावर तार तुटलेली, त्यामुळे त्याची वीज तिथवरच जायची आणि शेजारच्या दोन घरांनाही पुरायची. बायका त्याला दुवा द्यायच्या. तो मिशीत हसायचा.

मग एका दुपारी लाइनमन आले. वस्तीने रस्त्यातच टेबलं मांडली. तुरीचे दाणे घातलेला भात, भाजलेलं डुक्कर, कॉफी. तिकडच्या लोकांत ही रीतच पडली होती, वीज आणणाऱ्याला जेवू घालायचं.

यादिएल नावाचा तरुण लाइनमन जेवला नाही. आधी काम म्हणाला. खांबावर चढण्याआधी तो घरोघर विचारत आला.

"मिरोकाका, मेन बंद केलाय ना?"

मिरो गॅलरीत डोमिनो खेळत होता. डाव रंगात आला होता. मेन घराच्या पार मागे, चालूच. जनरेटरही.

"केलाय रे, चढ बिनधास्त," मिरो म्हणाला. उठला नाही.

एवढंच. कंटाळा केला त्याने.

यादिएल खांबावरून कोसळला, आरडाओरडा झाला, तेव्हा मिरो आधी मागे धावला. मेन बंद केला. मग रस्त्यावर गेला.

कुणालाच कळलं नाही. उलट यादिएलच्या शवपेटीला त्याने खांदा दिला, म्हणून लोकांनी त्याला आणखी मान दिला. त्या मानाने तो आतून जळत राहिला. जनरेटर विकून टाकला. डोमिनोला पुन्हा हात लावला नाही.

पण वीज परत आली, तशी अधूनमधून जाऊही लागली.

आणि वीज गेली की...

रस्त्यावरून विचारणा व्हायची.

"मिरोकाका, मेन बंद केलाय ना?"

आवाज यादिएलचाच. हसरा. रागाचा लवलेश नाही. त्याचीच मिरोला जास्त भीती वाटायची. तो धावत जाऊन मेन बंद करायचा, कान झाकून बसायचा. बायकोला काहीच ऐकू यायचं नाही.

यादिएलची आई नेरेइदा दर वर्षी त्या तारखेला यायची. तिच्या मुलाशी शेवटचं बोलला तो मिरो, म्हणून. गॅलरीत बसून ती दर वेळी तेच विचारून घ्यायची... तो काय म्हणाला, तुम्ही काय म्हणालात. मिरो सांगायचा. खाली मान घालून, अर्धंच.

यंदाही ती आली. ऊन कलायला लागलं होतं. बायकोने कॉफी आणून ठेवली.

वीज गेली.

पाहुणी समोर. मिरो उठला नाही.

पंखा थांबला... झाडांतले बेडूक गप्प झाले... आणि रस्त्यावरून...

"मिरोकाका, मेन बंद केलाय ना?"

नेरेइदाचा चेहरा उजळला.

तिला ऐकू आलं होतं.

"विचारतोय तो," ती हळूच म्हणाली. "सांगा ना त्याला. चढायचं म्हणून थांबलाय."

खरं बोलायची हीच वेळ होती, हे मिरोला कळत होतं. त्याने तोंड उघडलं.

"केलाय," तो म्हणाला.

ती कठड्यावरून वाकली. "केलाय म्हणतात रे बाळा. चढ."

खांबाखाली कुणी नव्हतं. पण पट्ट्याची कडी वाजली... मग बुटांचा आवाज... वर... आणखी वर...

मिरो मागे धावला. मेन चालूच होता. अंगणातली जनरेटरची जागा रिकामी, तरी तिथून घरघर येत होती.

त्याचा हात स्विचपर्यंत पोचायच्या आत बाहेर काहीतरी जड पडलं.

वीज आली. "आली, आली" म्हणून सगळी वस्ती ओरडली.

मिरो पुढे आला तेव्हा नेरेइदा खांबाखाली उभी होती. एकटीच. तिने आधी मागच्या अंगणाकडे, मग त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. कॉफी तशीच टाकून ती गेली. पुन्हा आली नाही.

आवाज हा भास होता, असं मिरोला म्हणता आलं असतं. पण तो तिनेही ऐकला.

आणि मिरोचं उत्तरही.